वर्षाराणीला लागलेला इंग्रजी शब्द

चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत 'सॅटर्नाइन' हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. पुस्तकात नव्हता, प्रश्नपत्रिकेत नव्हता, पोरींच्या निबंधात तर असण्याचा प्रश्नच नव्हता. मी निवृत्त झाले, इंग्रजीचं ओझं खाली ठेवलं, आणि सहा वर्षांनी, गेल्या दिवाळीची गर्दी ओसरताना, हा शब्द माझ्या मंगळवार पेठेतल्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. तो घेऊन आली होती वर्षाराणी चौगुले.

"बाई, हे वाचा आणि ह्याचा अर्थ लिहून द्या. खाली सही करा. तुमचं शिक्षण पण लिहा."

तिनं कागद पुढे केला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. चेहरा नेहमीचाच, म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय असं वाटायला लावणारा.

त्या चेहऱ्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

वर्षाराणी मूळची कुरुंदवाडची. माझी पहिली नोकरी तिथं होती आणि ती माझ्या वर्गात होती. ओठांची दोन्ही टोकं खाली ओढलेली, भुवया मध्ये जवळ आलेल्या, पापण्या जड. हा चेहरा तिला वडिलांकडून आला. गणपतराव नदीकाठच्या रानात वांगी पिकवायचे आणि आठवडी बाजारात स्वतः विकायला बसायचे. त्यांच्यापुढं कुणी घासाघीस करत नसे. आधीच एवढं दुःख आहे माणसाला, त्यात आपली भर कशाला, असा लोकांचा समज. गणपतराव प्रत्यक्षात मजेत असायचे. मुलीनं तोच चेहरा घेतला, पण वांगी विकायला नव्हती, त्यामुळं तिला त्याचा फायदा काहीच झाला नाही.

नववीच्या स्नेहसंमेलनाचा फोटो काढताना फोटोवाला तीनदा थांबला. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "वर्षाराणी, जरा हस ना गं. काय हरवलंय का तुझं?"

ती म्हणाली, "हसलोय की बाई."

आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, तेव्हा त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की ती खरंच हसत होती. मला ते दिसलं नाही. फोटोवाल्यालाही नाही.

तिचं लग्न सयाजीशी झालं. सयाजी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे भरण्याचं काम करतो. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. लग्नाच्या दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीनं, सगळे तिला आक्का म्हणतात, नव्या नवरीला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, मनाविरुद्ध झालंय काय? आत्ताच सांग." नवरी म्हणाली, "भूक लागलीया." आक्काचा विश्वास बसला नाही. पुढं वर्षभर ती येता-जाता सयाजीकडं संशयानं बघत होती.

सयाजीचे फौंड्रीतले मित्र घरी आले की चहा पिता पिता गप्प होत. मग बाहेर पडताना एखादा हळूच विचारी, "वहिनींना मारतोस बिरतोस काय रे?" या प्रश्नानं सयाजी एवढा कावला, की पाहुणे उंबऱ्यात यायच्या आधीच तो ओरडून सांगायला लागला, "आमच्या हिला काय झालेलं न्हाय! तोंडच तसं हाय! या आत!"

लग्नाला गेली तर मुलाकडच्यांना वाटे, मानपानात काही राहिलं. बारशाला गेली तर तिला लवकर वाटेला लावत. मात्र भावकीत कुणी गेलं, की पहिला फोन हिला. तिथं तिला पुढं बसवत.

चौदा वर्षांपूर्वी तिला अंबाबाईच्या देवळामागच्या गल्लीतल्या एका लॉजमध्ये काउंटरवर नोकरी लागली. लॉजचं नाव मी सांगत नाही. मालक विजयसिंह अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. तीन मजले, बावीस खोल्या. वर्षाराणी सकाळी सातला येते, संध्याकाळी पाचला जाते. कुठल्या खोलीचा नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं, कुणाच्या आईला जिना चढता येत नाही, कोण मागच्या वेळी छत्री विसरून गेलं, सगळं तिच्या डोक्यात. नाशिकचं एक कुटुंब दरवर्षी येतं, ते फोनवर आधी विचारतं, "बाई आहेत ना काउंटरवर?" हसून स्वागत वगैरे काही नाही. "आधार कार्ड द्या. दोनशे सात. जिना तिकडं." संपलं.

तर दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरहून एक निवृत्त प्राध्यापक बायकोला घेऊन दर्शनाला आले. त्यांच्या बायकोचं कानाचं यंत्र खोलीत हरवलं. वर्षाराणीनं धुवायला चाललेलं चादरींचं सगळं गाठोडं सोडलं, एकेक चादर झटकली आणि यंत्र काढून दिलं. प्राध्यापकांनी घरी गेल्यावर नेटवर लॉजबद्दल अभिप्राय लिहिला. पाचपैकी पाच तारे. खोली स्वच्छ, पाणी गरम, देऊळ पायी पाच मिनिटांवर. काउंटरवरच्या सॅटर्नाइन बाईंनी माझ्या पत्नीचं यंत्र शोधून दिलं, त्यांच्या भरवशावर आम्ही पुन्हा येऊ.

माणसानं कृतज्ञतेनं लिहिलं होतं. पण साधं लिहील तर तो प्राध्यापक कसला!

विजयसिंहांचं इंग्रजी बेताचं. त्यांनी मोबाइलला मराठी करायला सांगितलं. मोबाइलनं करून दिलं, 'काउंटरवरच्या शनी बाईंनी.'

विजयसिंहांची रास मेष. मार्चपासून त्यांना साडेसाती लागली होती. एप्रिलमध्ये पाण्याची टाकी गळायला लागली, जूनमध्ये गुडघा धरला, ऑगस्टमध्ये पुतण्यानं भागीतून अंग काढून घेतलं. कारण कुठं आहे ते त्यांना सापडत नव्हतं. आता म्हैसूरच्या एका अनोळखी माणसानं बोट ठेवून दाखवलं. शनी त्यांच्याच काउंटरवर बसला होता, चौदा वर्षं.

आधी ते नरमाईनं बोलले. शनिवारी तेल वाहाल काय, उडीद दान कराल काय. वर्षाराणी म्हणाली, तुमची साडेसाती, तुमी वाहा. मग त्यांनी तिला तिसऱ्या मजल्यावर चादरी-टॉवेलांच्या खोलीत बसवलं. पगार तोच, काम चादरी मोजण्याचं. खाली काउंटरवर आपल्या साडूची मुलगी मोना आणून बसवली. मोना चोवीस वर्षांची, बोलकी, सतत हसणारी.

म्हणून वर्षाराणी माझ्याकडं आली होती. या शब्दाचा शनीशी काही संबंध नाही, असं एका इंग्रजीच्या बाईच्या सहीचं पत्र तिला हवं होतं. मागणी अगदी रास्त होती.

मी जाडा शब्दकोश काढला. अर्थ बघितला. मग, जे करायला नको होतं ते केलं. मूळ बघितलं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"उदास, गंभीर, अबोल, मंद असा माणूस."

"आणि?"

मी शब्दकोश मिटला.

"बाई, आणि काय?"

"शब्द सॅटर्नवरून आलाय. सॅटर्न म्हणजे शनी."

मी समजावून सांगायला लागले, की युरोपात शेकडो वर्षांपूर्वी ज्योतिषी मानायचे, शनी सगळ्यात लांबचा, सगळ्यात सावकाश चालणारा, थंड ग्रह. त्याच्या अंमलाखाली जन्मलेला माणूस जड आणि खिन्न होतो. धातूंतलं शिसं शनीचं, म्हणून तो शिशासारखा. पुढं ज्योतिष मागं पडलं, शब्द तेवढा राहिला. आज तो वापरणारा कुणी ग्रहांचा विचारही करत नाही.

"म्हंजे मालक बरोबर?"

"अर्थ तसा नाही गं. फक्त मूळ तसं आहे."

"मग मूळ सोडा. अर्थ लिहा."

मी लिहायला घेतलं, पण जीभ गप्प बसेना. म्हटलं, "खरं तर रोमन लोकांचा सॅटर्न मुळात पेरणीचा देव होता. हातात विळा. त्याच्या सणाला मालक नोकरांना पंगतीत बसवून वाढायचे म्हणतात."

वर्षाराणीच्या भुवया आणखी जवळ आल्या. "वाढणारा देव? मग त्याच्या नावानं उदास माणूस कसा काय?"

"शब्द ज्योतिष्यांच्या हातून आला. शेतकऱ्यांच्या नाही."

"सगळीकडं त्येच हाय की," ती म्हणाली आणि पत्र वाचायला लागली. 'सॅटर्नाइन म्हणजे गंभीर व उदास दिसणारी व्यक्ती.' वाचून तिनं कागद परत माझ्यापुढं ठेवला.

"मी उदास हाय?"

"दिसतेस."

"दिसणं येगळं, असणं येगळं."

"या शब्दात ते दोन्ही एकच आहे."

"मग शब्दच चुकलाय," ती म्हणाली. पण पत्र घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांचा फोन. मॅडम, जरा लॉजवर येता काय, चहा घेऊया. मला वाटलं, पत्राचा परिणाम झाला. मी गेले. काउंटरवर मोना हसून म्हणाली, "या, या! कुठली खोली?" मी म्हटलं, मला खोली नको, मी पलीकडच्या गल्लीत राहते. ती आणखी हसली.

विजयसिंहांनी पत्र काढलं. "मॅडम, हे तुमचं अक्षर. मी मानतो. पण एक सांगा, खोटं बोलू नका. हा शब्द आला कुठनं?"

आता इथं कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, मला ठाऊक नाही. पण चौतीस वर्षं प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून मी पोरींच्या मागं लागले होते. साठी उलटलेला माणूस शब्दाचं मूळ विचारतोय म्हटल्यावर माझा तोल गेला. मी सगळं सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, हा एकटाच शब्द नाही. 'जोव्हियल' म्हणजे आनंदी, तो गुरूवरून आला. 'मर्क्युरियल' म्हणजे घडीघडीला बदलणारा, तो बुधावरून. 'ल्युनॅटिक' चंद्रावरून. म्हणजे बघा, ही नुसती भाषेची गंमत आहे.

विजयसिंहांना गंमत दिसली नाही. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे गोऱ्या लोकांना पण लागतीच की साडेसाती! मग आमचं काय चुकलं?" आणि लगेच दाराकडं तोंड करून ओरडले, "मोना, तुझी रास कुठली गं?"

"धनू, काका!"

"धनू म्हंजे गुरूची. बघा मॅडम. बरोबर माणूस बसलाय खाली."

चहा येईपर्यंत मी थांबले नाही. तिसऱ्या मजल्यावर गेले. वर्षाराणी चादरींच्या चळतींमध्ये लोखंडी खुर्चीवर बसली होती. काय झालं ते मी सांगितलं. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"तुमाला कुणी सांगितलं हुतं बोलायला? अर्थ लिवून दिला, बास झालं. वर ग्रहमाला कशाला काढलासा? आता बुध-गुरू सगळे आणून बसवतील हितं!"

"त्यांनी विचारलं म्हणून—"

"विचारलं तर काय झालं? मला पण चौदा वर्षं लोक विचारत्यात, काय झालं, काय झालं. मी सांगत बसतो काय परतेकाला?"

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तिनं उचलला. "व्हय. न्हाय, तीनशे एकला गीझर बंद हाय, तिथं म्हातारी माणसं घालू नको. एकशे चार दे." फोन ठेवला. तीन मिनिटांत पुन्हा वाजला. "सोलापूरवाल्यांची पिशवी डाव्या खणात." मोना दर दहा मिनिटांनी वर विचारत होती आणि वर्षाराणी चादरी मोजता मोजता खालचं काउंटर चालवत होती. शनी बाजूला बसला होता, काम मात्र त्याच्याकडूनच होत होतं.

मी खजील होऊन समोरचे टॉवेल मोजायला लागले. जरा वेळानं तिचा आवाज खाली आला.

"बाई, तुमाला एक सांगतो. चार वर्षामागं माझी आई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो. त्या दिवशी मला कुणी न्हाय इचारलं. मालकानं न्हाय, पाव्हण्यांनी न्हाय. रोज इचारणाऱ्यांनी पण न्हाय. तोंड त्येच हुतं ना. मी काउंटरवर बसून दिवसभर चाव्या दिल्या, आन् कुणाला कळलं न्हाय." तिनं एक टॉवेल उचलून घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आनंदात असलो तर लोकांस्नी वाटतंय दुःख हाय. दुःख असलं तर वाटतंय नेहमीचंच हाय. मग ह्या तोंडाचा उपेग काय, सांगा."

मी तो टॉवेल तिच्या हातातून घेऊन चळतीवर ठेवला.

त्यानंतर तिनं ठरवलं, ज्यानं शब्द लावला त्यालाच काढायला सांगायचं. प्राध्यापकांचा नंबर रजिस्टरमध्ये होता. मी म्हटलं, फोन कर. ती म्हणाली, रजिस्टरातला नंबर त्या कामासाठी नसतोय. एवढ्या संकटातही तिचा नियम मोडेना. मग त्या अभिप्रायाखालीच उत्तर लिहायचं ठरलं. तिची मुलगी स्वप्नाली पुण्यात कॉलेजात आहे, तिनं मोबाइलवर ते कसं करायचं ते सांगितलं. लॉजचं ते खातं पहिल्यापासून वर्षाराणीच सांभाळत होती. मालकांना त्यात नुसतं वाचता येत होतं. वर्षाराणीनं मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत केलं. 'सर, यंत्र सापडलं याचा आनंद आहे. तुम्ही वापरलेल्या एका शब्दामुळं मला काउंटरवरून उठवलं आहे. कृपया दुसरा शब्द वापरा.'

चार दिवसांनी प्राध्यापकांनी उत्तर दिलं. ते बिचारे हादरले होते. त्यांनी लिहिलं, मला तो शब्द आवडतो, माझ्या आईचा चेहरा तसाच होता, घरात सगळ्यात भरवशाची तीच होती. तुमचं नुकसान झालं याचं फार वाईट वाटतं, शब्द बदलला आहे.

वर्षाराणीनं चादरींच्या खोलीत ते उत्तर मला दोनदा वाचायला लावलं. आईबद्दलचं वाक्य आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बदललाय म्हणतोय ना? बघा काय केलंय."

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. सद्गृहस्थांनी 'सॅटर्नाइन' काढून 'ग्रेव्ह' घातलं होतं. ग्रेव्ह म्हणजे गंभीर. ग्रेव्ह म्हणजे थडगंसुद्धा. यातलं मोबाइल कुठलं घेणार हे मला न बघताच कळलं.

खालच्या मजल्यावरून विजयसिंहांचा आवाज आलाच. "आता कबर म्हणतोय! काउंटरवरच्या कबर बाई! अरे काय चाललंय हे!"

वर्षाराणीनं माझ्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं. "लिहा बाई. कसलाच शब्द नको म्हणावं. नुसतं बाई लिहा म्हणावं."

मी तसं लिहिलं. प्राध्यापकांनी त्याच दिवशी तसं केलं. 'काउंटरवरच्या बाईंनी माझ्या पत्नीचं यंत्र शोधून दिलं.' त्यांच्यासारख्या माणसाला एवढं साधं वाक्य लिहिताना किती यातना झाल्या असतील, देव जाणे.

शब्द गेला, पण विजयसिंहांच्या डोक्यातला शनी जाईना. तो गेला, म्हणजे फिरला, त्यांच्या ज्योतिष्यांमुळं. विजयसिंहांनी त्यांना फोनवर सगळी हकीकत सांगितली, सहानुभूती मिळेल म्हणून. ज्योतिषी एकदम गरम झाले. "शनीला खुर्चीवरनं उठवलासा? ऐन साडेसातीत? न्यायाचा देव हाय तो! तुमी त्याला चादरी मोजायला बसवलाय?"

त्याच दुपारी विजयसिंह तिसऱ्या मजल्यावर गेले आणि वर्षाराणीपुढं हात जोडून उभे राहिले. मी तिथं नव्हते, मला हे मोनानं सांगितलं. ते म्हणाले, "चुकलं. खाली चला. तुमची जागा तुमची. दर शनिवारी मी तुमाला नारळ देतो."

वर्षाराणी उठली नाही. "मी शनी म्हणून बसणार न्हाय."

"मग कशी बसणार?"

"तुमी इचार करा. मी चादरी मोजतो."

आणि तिनं भिंतीवरच्या फोनची तार काढून ठेवली.

दोन दिवस लॉजमध्ये हाहाकार झाला. मोनाचं यात काही चुकलं नाही. पोरगी तीन आठवड्यांत जमेल तेवढं शिकली होती. पण बावीस खोल्यांची सगळी माहिती चौदा वर्षं एकाच डोक्यात होती आणि ते डोकं वर गप्प बसलं होतं. एकाच खोलीत दोन कुटुंबं गेली. गीझर बंद असलेल्या खोलीत साताऱ्याचे आजोबा गेले आणि त्यांनी सकाळी गार पाण्यावरून गल्ली डोक्यावर घेतली. त्यात मोना हसरी, त्यामुळं लोक काउंटरवर रेंगाळायचे, गाव विचारायचे, लग्न ठरलंय काय विचारायचे, एकानं तर पत्रिका मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर गेली आणि गाठोड्यावर बसून रडकुंडीला आली.

"मावशी, हसलं की माणसं चिकटत्यात वो. तुमचं तोंड मला दोन तास द्या."

वर्षाराणीनं तिला पाणी दिलं. "देतो. पण परत करायचं."

मोना म्हणते, तेव्हा मावशी हसल्या होत्या. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "कळतं की. डोळे बारीक होतात त्यांचे." चोवीस वर्षांच्या पोरीला तीन आठवड्यांत जे दिसलं, ते मला नववीच्या वर्गापासून आजपर्यंत दिसलं नव्हतं. मी घरी येऊन बराच वेळ चिडून बसले होते, आणि नेमकं कुणावर ते मला नीट सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंह दुखरा गुडघा घेऊन पुन्हा तीन मजले चढले. या वेळी मी तिथं होते, चादरींवर बसून.

"वर्षाराणी, चला. तुमच्याबिगर चालत न्हाय."

"कुणाबिगर?"

"तुमच्याबिगर."

"म्हंजे कुणाबिगर?"

"आता काय लिवून देऊ काय? वर्षाराणी चौगुल्यांच्याबिगर! खोली गेली, गीझर गेला, माणसं भांडाय लागली, डोस्कं फुटायची येळ आली! शनी मरूदे तिकडं! खाली चला की आता!"

बोलून गेल्यावर त्यांनी घाईनं कानाला हात लावला, शनीबद्दल बोललो म्हणून. पण बोलले.

"हेच तोंड घिऊन बसणार," वर्षाराणी म्हणाली.

"बसा."

"नारळ आणायचा न्हाय."

"न्हाय आणत."

"मोनाला सकाळच्या पाळीत ठेवायचं. माझ्या शेजारी. ती शिकती."

विजयसिंहांनी मान हलवली. वर्षाराणीनं शेवटची चळत मोजून पूर्ण केली, आकडा वहीत टाकला, फोनची तार जोडली आणि खाली गेली. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, ह्यो शब्द आता कुणाला सांगू नका." मी कबूल केलं, आणि आता हे सगळं लिहून ते मोडलं आहे. तिला मी आधी विचारलं होतं. ती म्हणाली, लिहा, पण मूळ थोडक्यात लिहा.

विजयसिंहांची साडेसाती अजून साडेसहा-सात वर्षं आहे. शनिवारी ते काउंटरसमोरून जाताना नकळत हात जोडतात आणि वर्षाराणीनं बघितलं की तेच हात खिशात घालतात.

मागच्या आठवड्यात मी सहज तिकडं गेले होते. नाताळच्या सुट्टीची गर्दी होती. दारापर्यंत रांग, बॅगा, रडणारी लेकरं. मोना एका बाजूला फॉर्म भरून घेत होती. वर्षाराणी चाव्या देत होती. रांगेतून पुढं जाऊन मी म्हटलं, "कशी आहेस?"

"बाई, खोली पायजे काय?"

"नाही गं, सहज आले."

"मग जरा बाजूला व्हा. मागं माणसं थांबल्यात."

मी बाजूला झाले.